वजनाची वही: गावात बसून स्वतःच्या नावाने चांदीचे दागिने घडवताना

कोल्हापूर जिल्ह्यात चांदीकाम करणारी घरं शोधत फिरावं लागत नाही. हुपरी आणि तिच्या आसपासच्या गावांत घरोघरी पैंजणाच्या कड्या जोडल्या जातात. व्यापारी वजन करून चांदी देतो, वजन करून माल परत घेतो आणि मजुरी देतो. हात कारागिराचा, पण हिशोबाची वही व्यापाऱ्याची.

मी भुदरगड तालुक्यातल्या एका गावात माझ्या घराच्या सोप्यात काम करते. सोनाराच्या घरात जन्मले नाही, कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफबाजारात, एका कारागिराच्या हाताखाली शिकले. परत येऊन स्वतःचं काम मांडलं तेव्हा वाटलं होतं की अडचण नवीन नमुने सुचण्याची आणि गिऱ्हाईक मिळण्याची असेल. पहिल्या वर्षी अडचण आली ती वेगळीच. काम भरपूर झालं, पैसे आले, आणि दिवाळीला मोजलं तर घरातली चांदी कमी भरली. कुठे गेली ते सांगता येईना, कारण मी कधी लिहूनच ठेवलं नव्हतं. तेव्हापासून वजनाची वही आधी आणि ऐरण नंतर, असा माझा क्रम आहे. खाली सांगितलेल्या प्रत्येक पायरीत ती वही येईल.

जागा ठरवताना

खोली मोठी लागत नाही. आठ बाय दहा फूट पुरते. पण चार गोष्टी बघाच.

पहिली जमीन. शेणाने सारवलेली किंवा फरशीच्या फटी असलेली जमीन चांदी गिळते. कानसीची भुकटी फटीत गेली की गेली. गुळगुळीत, सांधा नसलेली जमीन करून घ्या किंवा कामाच्या जागेखाली एकसंध लिनोलियम अंथरा. बसायच्या मेजाला अर्धगोल खाच करून तिच्याखाली कातडं किंवा जाड कापडाची झोळी बांधा. कापताना, घासताना पडणारं सगळं त्या झोळीत जमतं. खोलीत फिरायची चप्पल वेगळी ठेवा आणि ती खोलीबाहेर नेऊ नका.

दुसरी हवा. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तो खाली साठतो. म्हणून वर खिडकी असून भागत नाही, जमिनीलगतही झरोका हवा. माझ्या सोप्याच्या भिंतीत मी खालच्या बाजूला दोन विटा काढून जाळी बसवली आहे. घरगुती 14.2 किलोचं सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही. 5 किलोचं व्यावसायिक सिलिंडर एका माणसाच्या कामाला महिनोन्‌महिने पुरतं आणि उचलायलाही सोपं.

तिसरी उजेड आणि अंधार, दोन्ही. कापायला, घासायला उत्तरेकडचा उजेड चांगला. पण चांदी तापवताना तिचा रंग दिसला पाहिजे, आणि तो उन्हात दिसत नाही. भट्टीचा कोपरा मुद्दाम अंधारा ठेवा. नवशिक्यांच्या हातून दागिना वितळतो त्याचं मोठं कारण हेच असतं की ते दारात बसून जाळ देतात.

चौथी पाण्याची वाट. दागिने साफ करून उरलेलं आम्लाचं पाणी परड्यात ओतू नका. त्यात तांबं विरघळलेलं असतं, ते मातीत आणि मग विहिरीत जातं. मी प्लास्टिकच्या कॅनमध्ये साठवते, खाण्याचा सोडा घालून फसफस थांबेपर्यंत शमवते आणि गाळ वेगळा वाळवून ठेवते.

हत्यारं

सगळं एकदम घेऊ नका. ऐरण, दोन हातोडे, बारीक पात्याची करवत, तीन-चार आकारांच्या कानशी, चिमटे, पकडी, तार ओढायचं जंतर, चांदी वितळवायची मूस, गॅसची बंदूक, घासायला पितळी कुंचा, एवढ्यावर पहिले सहा महिने निघतात. पत्रा आणि तार तयार मिळते, त्यामुळे हाताने फिरवायचं रोलिंग मशीन दुसऱ्या वर्षी घेतलं तरी चालेल. मी सुरुवातीला आठवड्यातून एकदा गारगोटीहून एसटीने कोल्हापूरला जाऊन गुजरीत पत्रा लाटून आणत असे.

एका वस्तूवर मात्र पैसे वाचवू नका, ती म्हणजे काटा. 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा घ्या. त्यावर वजन करून विक्री करणार असाल तर तो वैधमापन विभागाकडून पडताळून, शिक्का मारून घ्यावा लागतो, आणि इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर वर्षी करावी लागते. गावात हा शिक्का फार बोलतो. म्हातारी माणसं आधी काट्याकडे बघतात, मग दागिन्याकडे.

पॉलिशच्या मोटारीबद्दल एक गोष्ट जीव तोडून सांगते. फिरत्या चाकावर साखळी कधीही धरू नका. ती क्षणात चाकाला गुंडाळते आणि बोट आत ओढून घेते. साखळ्या हाताने किंवा स्टीलच्या बारीक गोळ्या नि साबणाचं पाणी घातलेल्या फिरत्या डब्यात उजळा. केस बांधलेले, कपडे सुती, पदर खोचलेला. सिंथेटिक साडी नेसून जाळाजवळ बसू नये.

चांदी आणणं आणि आटवणं

चोख चांदी 961 अंशांच्या पुढे वितळते, पण दागिन्याला ती फार मऊ. अंगठी महिन्याभरात वाकडी होते. म्हणून 1000 भागांत 925 भाग चांदी आणि बाकी तांबं अशी आटणी करतात. 100 ग्रॅम चोख चांदीला 8.1 ग्रॅम तांबं घातलं की 925 ची चांदी होते. हे गणित पाठ करून ठेवा, कारण पुष्कळजण 100 ला साडेसात धरतात आणि वजनाचा ताळा बसत नाही.

तांबं कुठलंही चालत नाही. मोटारीच्या वाइंडिंगच्या तारेवर लाखेचा थर असतो, जुन्या तारेला कथील लागलेलं असतं. कथील किंवा शिसं थोडं जरी आटणीत गेलं तरी पत्रा लाटताना तडकतो. स्वच्छ, नवी, उघडी तार घ्या.

मुशीला आधी टाकणखाराचा (बोरॅक्सचा) काचेसारखा थर देऊन घ्या. चांदी वितळली की तांब्याचे बारीक तुकडे सोडा, ग्रॅफाइटच्या कांडीने ढवळा, आणि पातळ झालेला रस आरशासारखा फिरू लागला की एका दमात साच्यात ओता. साचा तेल लावून कोमट केलेला हवा. ओल्या साच्यात वितळलेला धातू पडला तर पाण्याची वाफ होऊन तो अंगावर उडतो. पावसाळ्यात साचा कोरडा दिसला तरी आधी तापवूनच घ्या.

साच्यात थिजलेली लगड थंड झाल्यावर वजन करा आणि लिहा. घातलं किती, निघालं किती. चांगल्या आटणीत फरक अगदी थोडा येतो. जास्त आला तर मुशीला चिकटलेले मणी शोधा, ते नक्की सापडतात.

एक पदक, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

एका खड्याचं चंद्रकोर पदक घेऊ. यात करवत, डाख (सांधा जोडायचा, लवकर वितळणारा धातू), कोंदण (खडा धरून ठेवणारी कड), उजळणी सगळं येतं.

पत्रा 1 मिलिमीटर जाड. लगड ठोकत, लाटत त्या जाडीला आणताना ती कडक होत जाते. जाडी निम्म्यावर आली की परत नरम करावी लागते, नाहीतर कडा फाटतात. अंधाऱ्या कोपऱ्यात मंद, मऊ जाळ सगळ्या पत्र्यावर फिरवत ठेवा आणि पत्रा अंधारात जेमतेम तांबूस दिसला की थांबा. हात बसेपर्यंत एक युक्ती वापरा. पत्र्यावर मार्कर पेनने रेघ ओढा. रेघ पुसट होऊन नाहीशी झाली की बहुधा पुरेसा तापला. तांबूस रंग गेला की पाण्यात बुडवा.

आता वही. पत्रा, कोंदणाची पट्टी आणि वरची कडी मिळून माझ्यापुढे 14.20 ग्रॅम आहे. तारीख, कामाचं नाव, वजन.

कागदावर काढलेली चंद्रकोर पत्र्यावर चिकटवा आणि करवतीने कापा. पात्याला मेण लावा, करवत सरळ उभी धरा, दाबू नका. पातं मोडतं ते जवळजवळ नेहमी वळणावर घाई केल्यामुळे. वळणावर पुढे न जाता जागच्या जागी वरखाली करत पत्रा फिरवायचा. उरलेले तुकडे एका डबीत. त्यात दुसऱ्या धातूचे तुकडे मिसळू देऊ नका. तांब्याचं, पितळेचं काम करत असाल तर त्याची झोळीही वेगळी.

कोंदणाची पट्टी चोख चांदीची घ्या, कारण ती मऊ असते आणि खड्यावर सहज दबते. लांबी काढायची रीत सोपी आहे. खड्याचा व्यास अधिक पट्टीची जाडी, गुणिले 3.14. खडा 6 मिलिमीटरचा आणि पट्टी 0.3 ची असेल तर 19.8 मिलिमीटर. थोडी जास्त कापून कानसीने बेताने कमी करा. पट्टीची दोन टोकं इतकी नेमकी टेकली पाहिजेत की उजेडासमोर धरल्यावर फट दिसू नये. डाख फट भरत नाही. तो फक्त टेकलेल्या दोन धातूंच्या मध्ये धावतो. माझ्या शिक्षकांनी पहिले दोन महिने मला फक्त सांधे जुळवायला लावले होते, जाळाला हात लावू दिला नव्हता. तेव्हा राग यायचा.

डाखाचे प्रकार कमी-अधिक उष्णतेला वितळणारे असतात. पहिला सांधा कडक डाखाने, पुढचा त्याहून लवकर वितळणाऱ्याने. म्हणजे कोंदणाची कडी कडक डाखाने बंद करा, ती चंद्रकोरीवर बसवताना मध्यम, आणि वरची टांगायची कडी सर्वांत मऊ डाखाने. डाख विकत घेताना कॅडमियम नसलेला मागा. कॅडमियमचा धूर फुप्फुसाला आणि मूत्रपिंडाला घातक असतो आणि बंद खोलीत तो रोज श्वासात जातो. सराफकट्ट्यात आजही जुन्या सवयीने तो वापरणारे भेटतात.

सांध्याला टाकणखार पाण्यात घासून लावा. जाळ डाखावर नव्हे, मोठ्या तुकड्यावर धरा. डाख उष्णतेकडे पळतो, त्यामुळे चंद्रकोर आधी तापली नाही तर तो पातळ कोंदणावर चढतो आणि कोंदण वितळतं. 925 चांदी सारखी तापवली की आत गुलाबी-करडे डाग पडतात, ते तांब्याचे असतात. तापवण्याआधी बोरिक ॲसिड स्पिरिटमध्ये कालवून सगळ्या दागिन्याला लेप द्या. तो लेप आधी वेगळा पेटवून वाळवायचा, आणि स्पिरिटची बाटली झाकण लावून दुसऱ्या खोलीत.

काळा पडलेला दागिना साफ करायला पूर्वीपासून तुरटीचं उकळतं पाणी वापरतात. मी लिंबूसत्त्व वापरते. एक लिटर पाण्याला दोन-तीन मोठे चमचे, कोमट. गंधकाच्या तेजाबापेक्षा सावकाश काम होतं, पण घरात लेकरं आहेत. तेजाब वापरणारच असाल तर पाण्यात तेजाब घालायचं, तेजाबात पाणी कधीच नाही. त्या भांड्यात लोखंडी चिमटा बुडवू नका, दागिन्यावर तांब्याचा थर चढतो. बांबूचा किंवा तांब्याचा चिमटा घ्या.

खडा बसवण्याच्या आधी सगळं डाखकाम, सफाई आणि घासणं संपलेलं असलं पाहिजे. मग खडा ठेवून समोरासमोरच्या बाजू आळीपाळीने दाबा: वर, खाली, डावी, उजवी. एकाच बाजूने गोल दाबत गेलात तर खडा तिरपा बसतो. शेवटी रिठ्याच्या पाण्यात पितळी कुंच्याने घासा. रिठ्याचा उजाळा मऊ असतो, मला तो मशीनच्या चकाकीपेक्षा आवडतो आणि चंद्रकोरीला शोभतोही.

पदक भरलं 8.00 ग्रॅम. डबीतले तुकडे 5.80. बेरीज 13.80, म्हणजे घट 0.40. यातली बरीच भुकटी झोळीत आहे, थोडी पॉलिशच्या मातीत गेली. वहीत तिन्ही आकडे लिहायचे.

भाव कसा धरायचा

गावात लोक ‘घडणावळ किती’ असं विचारतात आणि ग्रॅमवर उत्तर मागतात. पैंजणाला ते ठीक आहे. हाताने कापलेल्या पदकाला ग्रॅमवर मजुरी लावली तर तुम्ही उपाशी राहाल. जितकं बारीक काम, तितकं वजन कमी, तितकी मजुरी कमी, असं ते उलटं गणित होतं.

वरच्याच पदकाचा हिशोब मांडते. चांदीचा भाव समजा ग्रॅमला 200 रुपये धरला. तुम्ही वाचाल त्या दिवशी तो वेगळा असेल, रीत तीच. पदक अधिक घट 8.40 ग्रॅम, त्यात चोख चांदी 7.77 ग्रॅम, म्हणजे 1554 रुपये. खडा 120. गॅस, डाख, पॉलिश 60. वेळ साडेतीन तास, तासाला 200 प्रमाणे 700. जागा, वीज, हत्यारांची झीज, कोल्हापूरची खेप, यांचा वाटा 150. डबी 50. धातू सोडून बाकीचं 1080 झालं, एकूण 2634.

यावर नफा. धातूवर मी 10 टक्के धरते, कारण दागिना विकला जाईपर्यंत भाव हलतो आणि परत तेवढीच चांदी मला विकत घ्यायची असते. बाकीवर 25 टक्के. 155 आणि 270 मिळून पदक साधारण 3060 ला जातं. घट पूर्ण धरली आहे, झोळीतली भुकटी वर्षअखेर परत मिळाली तर ती वरकड.

आता हे पदक पुण्यातल्या एखाद्या दुकानात ठेवलं आणि दुकानाने 30 टक्के कापले तर? 3060 मध्ये 30 टक्के मिळवून चालत नाही, 3060 ला 0.7 ने भागायचं. 4370 येतात. मिळवलेत तर 3978 येतील, आणि दुकानाची कापणी गेल्यावर हातात 2785 पडतील. हे चुकल्यामुळे माझा एक संपूर्ण हंगाम तोट्यात गेला. आणि घरून 3060 ला, दुकानात 4370 ला असं दोन भावांनी विकू नका. दुकानवाल्याला कळतंच, आणि त्याचं रागावणं बरोबर असतं. दुकानात ठेवायचे नमुने वेगळे करा.

तासांची नोंदही वजनाच्या वहीतच ठेवा. सुरू केल्याची वेळ, उठल्याची वेळ. मध्ये म्हशीला वैरण घालून आलात तर तो वेळ वजा.

गावाचं काम गावाचं असतं

शहरातल्या गिऱ्हाइकावर डोळा ठेवून गावातलं काम हलकं समजणारे कारागीर मी पाहिले आहेत. माझं घर वर्षातले आठ महिने गावाच्या कामावर चालतं. बारशाचे वाळे आणि बिंदल्या, लग्नातली जोडवी, तुटलेले पैंजण, सैल झालेल्या फिरक्या, आणि देवाचे टाक.

टाकांबद्दल थोडं सविस्तर. घरोघरच्या देवघरात जोतिबा, खंडोबा, अंबाबाई यांचे चांदीच्या पत्र्यावर उठवलेले टाक असतात. पिढ्यान्‌पिढ्या घासून त्यांचे चेहरे पुसट होतात. घरात लग्न ठरलं किंवा भाऊ वेगळे झाले की नवे करायला येतात. बहुतेकांची इच्छा असते की जुन्या टाकाचीच चांदी नव्यात यावी. ही इच्छा जपा. मी जुना टाक मालकाच्या समोर मुशीत घालते, वजन त्यांना वाचून दाखवते, आणि लगड निघाली की तिचं वजन त्यांच्याच हाताने वहीत लिहून घेते. ठशावर पत्रा ठेवून चेहरा उठवायला वेळ कमी लागतो, पण समोर बसवून आटवण्यात सकाळ जाते. त्या सकाळीचे पैसे मी लावत नाही. त्यातून जी ओळख होते तिच्यामुळे पुढची लग्नाची जोडवी आपल्याकडे येतात.

जुनी चांदी घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. जुन्या पैंजणात डाख भरपूर असतो, त्यामुळे दिसायला चांदी आणि निघायला बरीच कमी असं होतं. आटवण्याआधी हे बोलून टाका. मोठं वजन असेल तर कोल्हापुरात टंच काढून, म्हणजे शुद्धता तपासून, आणा आणि पावती दाखवा. आटवल्यानंतर सांगितलेलं खरं कुणाला खरं वाटत नाही.

अनोळखी माणसाने मोडीला आणलेला दागिना ओळखपत्राची प्रत, फोटो आणि सही घेतल्याशिवाय वितळवू नका. चोरीचा निघाला तर पोलीस तुमच्या दारात येतात आणि मुशीत गेलेली वस्तू परत दाखवता येत नाही. ओळखीचा असला तरी वहीत नोंद हवीच. कुणाला राग आला तर वहीकडे बोट दाखवा, सगळ्यांचंच लिहिलेलं असतं.

दुरुस्तीला आलेली वस्तू घेताना वजन करा, फोटो काढा, चिठ्ठीवर वजन लिहून द्या. देताना परत वजन करून दाखवा. गावात एकदा ‘हिच्याकडे चांदी कमी होते’ असं कुणी म्हणालं की ते पाणवठ्यापासून बाजारापर्यंत जातं, आणि त्याला उत्तर द्यायला तुमच्याकडे चिठ्ठीशिवाय दुसरं काही नसतं.

पैसा कधी येतो तेही समजून घ्या. आमच्याकडे उसाचं बिल जमा झालं की काम येतं. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई, मग पाडवा, अक्षय तृतीया. आषाढात आणि पितृपक्षात शुकशुकाट. मी शुकशुकाटात पदकं, कुड्या, ठुशीचे मणी तयार करून ठेवते आणि लग्नसराईत नवीन नमुना हातात घेत नाही.

पावसाळा आणि वीज

भुदरगडचा पाऊस हत्यारांचा वैरी. जूनच्या आधी प्रत्येक कानस, पकड, जंतर पुसून तेलाचा हात द्या आणि पत्र्याच्या पेटीत ठेवा. कानशी एकमेकींवर टाकू नका. तयार चांदी हवाबंद पिशवीत, सोबत सिलिका जेलची पुडी. रबरबँड, लोकर, अंड्याचे ट्रे यांपासून लांब. रबरात आणि लोकरीत गंधक असतो, तो चांदी काळी करतो. मुद्दाम काळा रंग द्यायचा असेल तर हाच गंधक उपयोगी पडतो. उकडलेल्या अंड्याचा गरम बलक नि दागिना एका झाकणाच्या डब्यात तासभर ठेवून बघा.

वीज जाणार हे धरूनच दिवस आखा. कापणं, ठोकणं, डाख, कोंदण यांना वीज लागत नाही. मोटार लागणारी कामं साठवून वीज असेल तेव्हा सलग करा.

कागद

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, आधारवर ऑनलाइन होते आणि फुकट आहे. कुणी पैसे मागितले तर देऊ नका. बँकेत आणि प्रदर्शनात ती विचारतात.

पीएम विश्वकर्मा योजना 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झाली. तिच्यातल्या 18 व्यवसायांत सोनारकाम आहे. प्रशिक्षणात दिवसाला 500 रुपये, हत्यारांसाठी 15000 रुपयांपर्यंत मदत, आणि तारणाशिवाय 5 टक्के व्याजाने आधी 1 लाख, ते फेडल्यावर 2 लाखांपर्यंत कर्ज मिळतं. अर्ज सामायिक सुविधा केंद्रातून होतो, पहिली पडताळणी ग्रामपंचायत करते, आणि एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. म्हणून घरात आधी ठरवा. हत्यारांच्या यादीतलं काय खरंच लागणार ते बघून मागा.

जीएसटी: दागिन्यांवर 3 टक्के. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही. दुसऱ्या राज्यात किंवा ऑनलाइन मंचावर विकायला लागण्याआधी मात्र सीएला विचारा, तिथले नियम वेगळे लागतात. बिल पुस्तक नोंदणी नसली तरी ठेवा.

हॉलमार्क, म्हणजे शुद्धतेचा अधिकृत शिक्का, चांदीला अजून ऐच्छिक आहे, सोन्याला 2021 पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. हॉलमार्क हवा असेल तर आधी बीआयएसकडे (भारतीय मानक ब्यूरोकडे) नोंदणी लागते. नोंदणी नाही तोवर मी बिलावर शुद्धता आणि वजन लिहून सही करते. एक लक्षात घ्या, दागिना अखंड वितळवून तपासला तर डाखही मोजला जातो. 925 च्या पत्र्यावर ढीगभर हलका डाख लावून बिलावर 925 लिहिलं तर ते खोटं ठरतं.

बाहेर पाठवणं, बाहेर विकणं

मुंबईचं महालक्ष्मी सरस, पुण्याची भीमथडी जत्रा, अशा ठिकाणी बचत गटातून किंवा स्वतः जाता येतं. पहिल्यांदा जाताना शंभर नमुने नेऊ नका. आठ-दहा नमुने, प्रत्येकी चार-पाच नग. सकाळी मांडताना आणि रात्री आवरताना नग आणि वजन दोन्ही मोजा. नग मोजून जोडवीची एक बाजू गेलेली कळत नाही, वजनाने कळते.

फोटो सकाळी नऊच्या सुमारास, दारातल्या आडव्या उजेडात, साध्या लाकडावर काढा. हातात धरलेला एक फोटो हवाच, म्हणजे आकार कळतो. वजन आणि मिलिमीटर फोटोखाली लिहा.

पार्सलबाबत, बऱ्याच कुरिअर कंपन्या मौल्यवान धातू घेत नाहीत किंवा हरवला तर भरपाई देत नाहीत. आत काय आहे ते लपवून पाठवलं तर तक्रार करायला तोंड उरत नाही. पोस्टात विमा उतरवून पाठवा. डबी बंद करताना काट्यावर ठेवलेल्या दागिन्याचा व्हिडिओ काढा, शेवटी पार्सलचं वजनही. माझं एक पार्सल वाटेत फोडलेलं निघालं होतं. पोचल्यावरचं वजन आणि माझं वजन यातला 11 ग्रॅमचा फरक पावतीवर दिसत होता म्हणून दावा मंजूर झाला.

वर्षाची झाडणूक

दिवाळीच्या आधी एक दिवस काम पूर्ण बंद ठेवा. झोळी उलटी करा, मेजाच्या फटी कुंच्याने झाडा, जमीन ओल्या फडक्याने पुसा, फडकं वाळवा. वर्षभराचे पॉलिशचे बफ, कानसींच्या दातांतली भुकटी, जुन्या मुशा, आम्लाचा वाळवलेला गाळ, खोलीतली चप्पल, सगळं एकत्र. ज्यातून लोखंडाचे कण येतील त्यावरून आधी चुंबक फिरवा. नत्रिक तेजाबाने घरी चांदी वेगळी काढायच्या फंदात पडू नका, त्यातून निघणारा तपकिरी वायू जीवघेणा असतो.

सराफकट्ट्यावरची धूळ धुऊन त्यातला धातू काढणारे झारेकरी पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करत आले आहेत. त्यांच्या हातात जी कला आहे ती आपल्याकडे नाही. माझी झाडणूक मी त्यांच्याकडे देते, समोर बसते आणि निघालेल्या चांदीचं वजन घेते. ठरलेली मजुरी त्याच दिवशी देते.

मग वही घेऊन बसायचं. वर्षभरातल्या सगळ्या घटीची बेरीज एकीकडे, झाडणुकीतून आलेली चांदी दुसरीकडे. मी वर्षाला दोन किलोच्या आसपास काम करते. गेल्या दिवाळीला घट 71 ग्रॅम झाली होती, झाडणुकीतून 48 ग्रॅम परत आली. 23 ग्रॅम कुठे गेली ते मला ठाऊक आहे, बरीचशी पॉलिशच्या मोटारीमागच्या भिंतीवर उडते. या वर्षी मोटारीला मागून पत्र्याची पेटी बसवली आहे, पाडव्याला नवी वही काढताना तिच्या पहिल्या पानावर तेवढंच लिहून ठेवलं आहे.